नदीच्या पाण्याची वही

जमिनीची परीक्षा केल्यावांचून खत टाकूं नये, हा विचार शेतकरीवर्गांत आतां बराच रुजला आहे. २०१५ सालीं मृद् आरोग्य पत्रिकेची योजना निघाली, तेव्हांपासून मातीची पुडी बांधून ती तपासणीस पाठविणें ही गोष्ट खेड्यापाड्यांतून परिचयाची झाली. परंतु त्याच जमिनीवर वर्षानुवर्षें जें पाणी आपण सोडतों, त्याची परीक्षा करून घेणारे शेतकरी किती सांपडतील? माती जागची हालत नाहीं. ती आज जशी आहे तशीच बहुधा पुढील हंगामींही राहते. पाणी मात्र घटकेघटकेस बदलतें, आणि तें वाहत येतांना वरच्या गांवानें व वरच्या शहरानें त्यांत काय मिसळलें याचा हिशेब आपणांस कोणी देत नाहीं. जें अधिक बदलतें त्याची परीक्षा अधिक वेळां व्हावी, हा साधा न्याय. पण प्रत्यक्षांत चाललें आहे तें याच्या उलट.

हा प्रश्न सर्वच नद्यांस लागू आहे. तथापि ज्या नदीजवळ मोठ्या शहराचा कचराडेपो आहे, तिच्या खालच्या अंगास शेती करणारांस तो विशेष निकडीचा आहे. अशा ठिकाणीं नदीचें पाणी नियमितपणें तपासलें गेलें पाहिजे, आणि हें काम सर्वस्वीं सरकारी खात्यांवर न सोंपवितां शेतकऱ्यांच्या संस्थांनीं स्वतःची वही ठेवून तें केलें पाहिजे, असें आमचें मत आहे. तें कां, हें सांगण्यासाठीं नागपूरच्या नाग नदीचें उदाहरण घेऊं.

नाग नदी शहराच्या पश्चिमेकडील टेकड्यांत उगम पावते. अंबाझरी तलाव मागें टाकून ती शहराच्या मध्यांतून पूर्वेकडे वाहते, आणि वाटेंत वस्तीचें सांडपाणी घेत घेत भांडेवाडीकडे येते. भांडेवाडी येथें शहराचा कचराडेपो कित्येक दशकांपासून आहे. शहरांतून रोज निघणारा हजार टनांच्या घरांतला कचरा तिकडेच जात आला आहे. सांडपाणी शुद्ध करणारें मोठें केंद्रही तेथेंच असून, त्यांतील शुद्ध केलेलें पाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रास दिलें जातें. पुढें पिवळी नदी नागेस मिळते, नाग कन्हानेस मिळते, कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेस मिळते, आणि तें सारें पाणी गोसीखुर्दच्या जलाशयांत सांठतें. १९८८ सालीं ज्या धरणाची कोनशिला बसविली गेली, त्याचा मुख्य हेतु पूर्व विदर्भांतील शेतीस, विशेषतः धानाच्या बांध्यांस, पाणी देणें हा होता. धरणापर्यंतच्या वाटेवरही नदीकांठचे शेतकरी पंप लावून हेंच पाणी धानास व भाजीपाल्यास देतात. शहरानें टाकून दिलेलें शेवटीं कोणाच्या वावरांत येऊन पडतें, हें निराळें सांगावयास नको.

गोठ्याशेजारचा उकिरडा आणि शहराचा कचराडेपो यांस एकच समजूं नये. आपल्या उकिरड्यांत शेण, मूत, काडीकचरा व राख असते. तें सारें कुजून वर्षाकांठीं त्याचें खत होतें. शहराच्या ढिगांत खरकट्याबरोबर प्लॅस्टिक, जुन्या बॅटऱ्या, रंगाचे डबे, विजेच्या नळ्या आणि उरलेलीं औषधें येऊन पडतात. त्यावर पाऊस पडला म्हणजे पाणी थराथरांतून झिरपतें व काळसर पाझर होऊन बाहेर येतें. ढीग नवा असतांना कुजण्याच्या क्रियेंत आम्लें तयार होतात, आणि तीं लोह, मँगनीज, जस्त यांसारख्या धातूंना विरघळवून आपल्याबरोबर नेतात. ढीग जुना झाला म्हणजे आम्लें नाहींशीं होतात. परंतु अमोनिया व क्षार पुढें कित्येक दशकें पाझरत राहतात. अलीकडच्या वर्षांत जुने ढीग खोदून व चाळून निकालांत काढण्याचें काम ठिकठिकाणीं हातीं घेण्यांत आलें आहे व भांडेवाडीसही तें झालें आहे. तें योग्यच आहे. पण ढीग हालला म्हणजे त्याखालच्या मातींत व भूजलांत मुरलेला पाझर त्याच दिवशीं हालला, असें मात्र नव्हे.

हा पाझर नदीस दोन वाटांनीं मिळतो. एक वाट उघड आहे: पावसाळ्यांत ढिगावरून वाहणारें पाणी ओहोळानें नदींत जातें. दुसरी वाट जमिनीच्या पोटांतून आहे, आणि ती डोळ्यांस दिसत नाहीं. २०१६ सालच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीं भराव घालावयाच्या जागेखालीं चिकणमातीचा व प्लॅस्टिकच्या जाड पत्र्याचा थर घालावयास सांगितलें. नदीपासून १०० मीटर व तलावापासून २०० मीटर अंतर ठेवावें, असेंही सांगितलें. परंतु शहरांचे जुने डेपो याच्या फार पूर्वींचे असून ते उघड्या जमिनीवरच सुरू झाले. शिवाय खडकाच्या भेगांतून पाणी कसें धांवेल याचा नेम नसतो. जवळची विहीर निर्मळ राहून दूरची बिघडली, असें होऊं शकतें. म्हणून केवळ अंतराच्या भरंवशावर कोणी निश्चिंत राहूं नये.

येथें कोणी म्हणेल कीं, नागपुरास तपासणीची वाण ती काय? १९५८ सालापासून सार्वजनिक आरोग्याच्या अभियांत्रिकीचें संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था तेथें आहे. तीच आज ‘नीरी’ या नांवानें सर्वांस ठाऊक आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाची प्रयोगशाळा आहे. शेतकी कॉलेज तर १९०६ सालचें आहे. हें सारें खरें आहे, आणि या संस्थांविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु प्रयोगशाळा जवळ असणें ही एक गोष्ट, आणि शेतकऱ्यास हव्या त्या प्रश्नाचें उत्तर मिळणें ही दुसरी. मंडळाचीं नमुने घेण्याचीं ठाणीं नदीची एकंदर स्थिति कळावी म्हणून योजलेलीं असतात. उपरिनिर्दिष्ट नियमांनीं भूजलाची तपासणी सांगितली, ती डेपोच्या हद्दीपासून ५० मीटरांच्या आंतली. आपलें वावर त्या हद्दीपासून कोसांच्या अंतरावर असतें. ढिगामुळें नदींत नेमकी किती भर पडते, आणि ती आपल्या पंपाच्या फुटव्हॉल्वपर्यंत किती पोंचते, हा आपला प्रश्न. आणि तो विचारणारा आपणांवांचून दुसरा कोणी नाहीं.

त्यांतही नागेसारख्या नदीची अडचण मोठी आहे. ती डेपोजवळ येण्यापूर्वींच सांडपाण्यानें भरलेली असते. खालच्या गांवीं एक बाटली भरून पाठविली व पाणी वाईट निघालें, तर त्यावरून दोष कोणाचा हें ठरत नाहीं. डेपोवाला सांडपाण्याकडे बोट दाखवील, सांडपाणीवाला डेपोकडे दाखवील, आणि दोघांच्या मध्यें शेतकरी उभा राहील. यावर उपाय एकच: तुलना. एकाच दिवशीं तीन ठिकाणचे नमुने घेतले पाहिजेत. पहिला ढिगाच्या वरच्या अंगास. दुसरा ढिगाकडून येणाऱ्या ओहोळाचा, तो नदीस मिळण्यापूर्वीं. आणि तिसरा खालच्या अंगास, पण दुसरी नदी किंवा मोठा नाला येऊन मिळण्यापूर्वीं. शुद्धीकरण केंद्राचें पाणी जेथें सुटतें, तेथलाही नमुना वेगळा घ्यावा. ओहोळाचें पाणी नदींत शिरल्यावर बऱ्याच अंतरापर्यंत एकाच कांठानें वाहत असतें. यास्तव तिसऱ्या ठिकाणीं दोन्ही कांठांकडील व मधल्या धारेंतील पाणी घ्यावें. पहिल्या व तिसऱ्या नमुन्यांतील फरक हेंच खरें उत्तर होय. एकट्या आंकड्यास फारसा अर्थ नाहीं.

सांडपाणी व कचऱ्याचा पाझर यांची ओळख पटविण्यास कांहीं खुणाही आहेत. सांडपाण्यांत विष्ठेंतील जंतु फार असतात. जुन्या ढिगाच्या पाझरांत ते त्या मानानें कमी, पण क्षार व अमोनिया पुष्कळ. पाण्यांतील घाण कुजवितांना जीवाणूंस लागणारा प्राणवायु, ज्यास बी.ओ.डी. म्हणतात, आणि रसायनांनीं ती जाळतांना लागणारा प्राणवायु, ज्यास सी.ओ.डी. म्हणतात, हे दोन्ही मोजले तर ताज्या सांडपाण्यांत पहिला दुसऱ्याच्या सुमारें निम्मा भरतो. जुन्या कचऱ्याच्या पाझरांत तो दहाव्या हिश्श्याहूनही कमी असूं शकतो, कारण कुजण्याजोगें तें आधींच कुजून गेलेलें असतें.

ठिकाणाइतकेंच महत्त्व वेळेचें आहे. वैशाखांत नदींत वरचें शुद्ध पाणी जवळजवळ नसतें. तेव्हां जें वाहतें तें शहराचेंच. मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीबरोबर उन्हाळाभर ढिगांत सांचलेलें एकदम धुऊन येतें, आणि नेमका तोच दिवस सरकारी तपासणीच्या वेळापत्रकांत बहुधा सांपडत नाहीं. भर पावसाळ्यांत पुराच्या पाण्यानें सर्वच विरळ होतें व आंकडे चांगले दिसतात. आश्विन-कार्तिकांत पूर ओसरला म्हणजे जमिनीच्या पोटांतून झिरपणारा भाग नदींत प्रामुख्यानें येऊं लागतो. म्हणून वैशाखांत एकदां, मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदां, आश्विनाच्या अखेरीस एकदां, आणि रब्बीच्या पाण्यासाठीं पौषांत एकदां, असे वर्षांतून चार वेळां नमुने घ्यावेत. श्रावणांतल्या एका बाटलीवरून नदी स्वच्छ ठरविणें म्हणजे दिवाळीच्या दिवशीं घरांतलें ताट पाहून वर्षभराच्या जेवणाचा अंदाज बांधणें होय.

नमुना घेण्याची रीत कठीण नाहीं, पण तींत हयगय चालत नाहीं. बाटली नवी किंवा स्वच्छ धुतलेली असावी, व ती नदीच्याच पाण्यानें तीन वेळां विसळावी. कांठावरचें सांचलेलें पाणी न घेतां वाहत्या धारेंत, बाटलीचें तोंड प्रवाहाकडे करून, पृष्ठभागाच्या सुमारें एक फूट खालीं ती भरावी. जंतूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक केलेली, प्रयोगशाळेनें दिलेलीच असावी. ती विसळूं नये, बर्फांत ठेवून त्याच दिवशीं पोंचवावी. धातूंच्या तपासणीच्या बाटलींत नायट्रिक आम्लाचे थेंब घालावे लागतात. तेंही प्रयोगशाळेकडून घालूनच आणावें. पाण्यांत विरघळलेला प्राणवायु मात्र नदीवरच मोजला गेला पाहिजे, कारण वाटेंत तो बदलतो. बाटलीवर ठिकाण, तारीख, वेळ, आदल्या तीन दिवसांचा पाऊस व नमुना घेणाराचें नांव लिहावें. नांव-तारखेवांचूनची बाटली ही मालकावांचूनच्या गुराप्रमाणें होय. ती कोणाचीच नव्हे.

काय तपासावें, हेंही सांगितलें पाहिजे. केंद्रीय मंडळानें नदीच्या पाण्याचे उपयोगाप्रमाणें पांच वर्ग केले आहेत. त्यांत शेतीचें पाणी हा शेवटचा ‘ई’ वर्ग. त्यासाठीं सामू ६ ते ८.५ असावा, विद्युद्वाहकता सेंटिमीटरास २२५० मायक्रोम्होच्या आंत असावी, सोडियमच्या शोषणाचें प्रमाण २६ च्या वर जाऊं नये, व बोरॉन लिटरास २ मिलिग्रॅमहून अधिक नसावें, एवढ्याच चार अटी आहेत. शिसें, कॅडमियम, क्रोमियम यांचा त्यांत उल्लेखच नाहीं. अमोनियाचा नाहीं, जंतूंचाही नाहीं. तेव्हां ‘पाणी शेतीस योग्य’ एवढा शेरा वाचून समाधान मानणें धोक्याचें आहे. त्याच पाण्यानें पालक व मेथी भिजत असेल, तर तें पाणी कच्च्या भाजीवाटें कोणाच्या तरी पोटांत जात आहे, हें विसरतां येत नाहीं. सोडियमची मर्यादाही आपल्या काळ्या भारी जमिनीच्या मानानें फार सैल आहे. अशी जमीन त्याच्या पुष्कळ अलीकडेच चोपण होऊं लागते. जमीन खारावली म्हणजे काय होतें, हें पूर्णा खोऱ्यांतील खारपाण पट्ट्याच्या शेतकऱ्यांस विचारावें. नीरेच्या कालव्याखालीं चांगल्या जमिनी खारवट झाल्या, त्यांचा अभ्यास पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं १९१० च्या सुमारासच प्रसिद्ध केला होता. क्षार चढण्यास जितकीं वर्षें लागतात, त्याहून अधिक ते उतरविण्यास लागतात.

सबब वरील चार गोष्टींखेरीज क्लोराईड, अमोनिया, नायट्रेट, बी.ओ.डी., सी.ओ.डी. व विष्ठेंतील जंतु या तपासण्या चारही वेळां व्हाव्यात, आणि जड धातूंची तपासणी वर्षांतून दोन वेळां व्हावी. विद्युद्वाहकता मोजण्याचें हातांत मावणारें यंत्र आज मिळतें. त्याची किंमत साध्या फवारणी पंपाहून फारशी अधिक नसते. तें संस्थेनें घेऊन दर पंधरवड्यास एका ठराविक घाटावर लावावें. त्यानें विष ओळखतां येणार नाहीं. पण पाणी कोणत्या दिवशीं अचानक बदललें एवढें कळेल, आणि मोठी तपासणी केव्हां करावी हें त्यावरून ठरवितां येईल.

या सूचनेस तीन आक्षेप आमच्या कानीं येतात. पहिला असा कीं, या पाण्यानें पीक हिरवेंगार येतें, खताचा खर्च वांचतो, मग त्याची निंदा कशाला? सांडपाण्यांत नत्र असतें, हें खरेंच. परंतु तें नत्र आपण मोजून देत नाहीं. धानास तें अवेळीं व अधिक मिळालें म्हणजे पीक माजतें, कीड पडते व लोंबी येतांना तें लोळतें. आणि नत्राबरोबर जें येतें त्याचें काय? आम्ही पाणी नाकारा असें म्हणत नाहीं. ज्याचें नत्र घ्यावयाचें त्याचें बाकीचें काय आहे तें पाहून घ्या, एवढेंच आमचें म्हणणें.

दुसरा आक्षेप निराशेचा आहे: तपासून काय होणार, आमचें ऐकतो कोण? यास उत्तर कायद्यांतच आहे. २०१० सालच्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या कायद्यानें प्रदूषणामुळें झालेल्या नुकसानीची भरपाई मागतां येते. परंतु तो अर्ज नुकसानीचें कारण प्रथम उद्भवल्यापासून पांच वर्षांच्या आंत केला पाहिजे. आतां कारण प्रथम केव्हां उद्भवलें, हें ज्याच्याजवळ तारीखवार नोंद नाहीं तो कसें सांगणार? ‘पूर्वीं पाणी चांगलें होतें’ हें वाक्य गांवच्या पारावर चालतें, न्यायासनापुढें चालत नाहीं. आपण भरलेली बाटली हा स्वतः पूर्ण पुरावा नव्हे, हेंही ध्यानांत ठेवावें. १९७४ सालच्या जलप्रदूषण कायद्यान्वयें कायदेशीर नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानें नोटीस देऊन, सीलबंद करून व सह्या घेऊन घ्यावयाचा असतो. पण दोन-तीन वर्षांची वही पुढें ठेवून ‘अमक्या ओहोळावर, अमक्या नक्षत्रांत नमुना घ्या’ असें लेखी मागणाऱ्या संस्थेस टाळणें आणि नुसती ओरड करणाऱ्या जमावास टाळणें, यांत फार फरक आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे, व तो मोठ्यानें कोणी बोलत नाहीं. पाणी वाईट निघालें ही बातमी बाजारांत गेली, तर आमच्या भाजीस कोण विचारील? ज्याचें पोट रोजच्या पाटीवर आहे, त्याच्या या भीतीस हंसण्याचा अधिकार कोणास नाहीं. परंतु विचार करा कीं, बातमी आज गुप्त आहे काय? नदीचा रंग व वास सर्वांस ठाऊक आहे. नोंद नसली म्हणजे अफवा तिची जागा घेते. आणि अफवा चांगली विहीर व वाईट घाट असा भेद करीत नाहीं, ती सबंध पट्ट्याचाच भाव पाडते. ज्या गांवचें पाणी खरोखर निर्दोष आहे, त्यासही तें सिद्ध करण्याचें साधन उरत नाहीं. उलट वही असेल तर कोणत्या घाटाखालीं पालेभाजी घेऊं नये, कोठें कपाशी, तूर किंवा चाऱ्याचें पीक घ्यावें, कोठें शेवटचीं पाणीं विहिरीचीं द्यावींत, हें संस्थेस सभासदांशीं बसून ठरवितां येईल. पीक बदलण्याचा खर्च शेतकऱ्यानें एकट्यानें कां सोसावा, हाही प्रश्न मग आंकड्यांच्या बळावर शहरास विचारतां येईल. कारण घाण ज्यानें केली त्यानें ती निस्तरण्याचा खर्च द्यावा, हें तत्त्व त्याच २०१० च्या कायद्यानें मान्य केलें आहे.

तेव्हां नदीकांठच्या प्रत्येक शेतकरी संस्थेनें येत्या वार्षिक सभेंत तीन गोष्टी ठराव्यात. एक, नमुन्यांचीं ठिकाणें व दिवस कायमचे नेमून द्यावे, आणि दोन तरुण सभासदांस नमुना घेण्याची रीत शेतकी कॉलेजांतून किंवा प्रयोगशाळेंतून शिकवून आणावी. दोन, तपासणीचा खर्च पंपवाल्या सभासदांकडून एकरीं अल्पशी वर्गणी घेऊन भागवावा. दुसऱ्याच्या अनुदानावर चालणारी वही अनुदान थांबलें कीं बंद पडते. तीन, मंडळाचे त्याच नदीचे आंकडे २००५ सालच्या माहितीच्या कायद्यान्वयें मागवून ते आपल्या आंकड्यांशेजारीं उतरवून ठेवावेत, व दोन्हींत अंतर पडेल तेथें त्याचें कारण लेखी विचारावें. वरच्या व खालच्या गांवच्या संस्थांनीं एकाच दिवशीं नमुने घेतले, तर थोड्या खर्चांत सबंध नदीचा आलेख तयार होईल.

सावकाराच्या वहींत काय लिहिलें आहे हें न वाचतां आपल्या आज्यापणज्यांनीं अंगठे उठविले, आणि त्यांत कित्येकांच्या जमिनी गेल्या. आज शहराचें जें देणें आपल्या जमिनीवर दर पावसाळ्यास चढत आहे, त्याची वही तर कोणी लिहीतच नाहीं. ती आपण लिहूं लागलों पाहिजे. पहिली नोंद येत्या मृगाची असावी.